दोन देशांचे अनुदान, चार भागीदार

परदेशी संशोधकांबरोबर काम करायचे तर पैसा परदेशातून येतो, असा माझाही समज होता. कारंजा लाडला बसून सरकारी योजनांची माहितीपत्रके वाचली, तेव्हा तो चुकीचा ठरला. २०१० साली स्थापन झालेल्या भारत-जर्मन विज्ञान व तंत्रज्ञान केंद्राची ‘२+२’ योजना पाहा. दोन्ही देशांतून किमान एक संशोधन संस्था आणि एक उद्योग. प्रस्ताव मात्र एकच. मंजुरीनंतर भारतीय भागीदारांना भारताकडून पैसे मिळतात, जर्मन भागीदारांना जर्मनीकडून. उद्योगाला स्वतःचाही वाटा घालावा लागतो.

आता आमच्या कपाशीचे उदाहरण घेऊ. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस सरासरी ८ पतंग आले की गुलाबी बोंडअळीवर उपाय करण्याची वेळ होते. पण रोज मोजणार कोण? आपोआप मोजणारा स्वस्त सापळा हा अशा प्रस्तावाचा विषय होऊ शकतो.

शेतकरी किंवा माझ्यासारखा संस्थेविना अभ्यास करणारा यात एकटा अर्ज करू शकत नाही. म्हणून आधी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या संशोधकांना गाठावे आणि हंगामभराच्या नोंदींची वही सोबत न्यावी. प्रश्न खरा आहे, याचा पुरावा त्या वहीतच असतो.