खाड्याचं शरीरशास्त्र

ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, मजुरी टनावर. पहाटे अंधारात फडात उतरायचं, बुडख्यापाशी वाकून ऊस तोडायचा, वाढं छाटायचं, मोळ्या बांधायच्या आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. जोडीतलं एक जण तापाने आडवं झालं की कोयता बसला. मग खाडा पडतो. त्या दिवसाची कमाई जाते आणि वर पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त दंड उचलीत चढतो. पाळीत पोट दुखतंय, म्हणून मुकादम खाडा माफ करत नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये गदारोळ झाला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. त्यातल्या कितीतरी अजून चाळिशीच्याही अलीकडच्या. फडात संडास नाही, कोपीला न्हाणी नाही, पाळीचं कापड मिळेल त्या पाण्यात धुवायचं. ओटीपोटात संसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते. यातले बहुतेक आजार गोळ्यांनी बरे होतात. पण गोळ्या घ्यायच्या तर दवाखान्याच्या खेपा आल्या, आणि खेपा म्हणजे खाडे. त्यात कुणी डॉक्टर ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगून मोकळा होतो. मग हंगामाच्या आधीच पिशवी काढून टाकली की पाळीची कटकट गेली आणि खाडाही गेला.

बायका अडाणी म्हणून असं करतात, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. तिचं गणित चोख असतं. त्यातली एक रक्कम मात्र तिला कुणी सांगितलेली नसते. हाडं सतत झिजतात आणि सतत भरून निघतात; झीज आवरून धरण्याचं काम इस्ट्रोजेन करतं आणि ते येतं अंडाशयातून. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एकदम कोसळतं आणि तिशीतली बाई रातोरात रजोनिवृत्तीत जाते. अंडाशयं जागेवर ठेवली तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता वाढते. हाडं ठिसूळ होतात, सांधे धरतात, झोप उडते. मोळी घेऊन फळी चढणारीला नेमकं हेच परवडत नाही. दोन-चार खाडे वाचवायला केलेली शस्त्रक्रिया कामाची वर्षंच खाऊन टाकते.

त्याच फडातली दुसरी गोष्ट पाण्याची. आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणी कमी पितात. लघवी घट्ट होते, जळजळते, संसर्ग वाढतो. कष्ट करताना स्नायू जी ऊर्जा जाळतात त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायची तर घाम हवा. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. घाम नुसता निथळला तर तेवढा उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. म्हणून दमट हवेत माणूस लवकर हरतो. घामासाठी रक्त कातडीकडे वळतं, स्नायूही आपला वाटा ओढतात. एरवी हृदयातून निघणाऱ्या रक्तातला पाचवा भाग मूत्रपिंडांकडे जातो. आता तिथेच कपात होते.

ही कपात रोज झाली तर काय होतं, ते मध्य अमेरिकेने पाहिलं आहे. एल साल्वादोरमधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये एक कोडं मांडलं: मूत्रपिंडं निकामी झालेले पुष्कळ रुग्ण तरणे पुरुष होते आणि त्यांना ना मधुमेह, ना रक्तदाब. शेजारच्या निकाराग्वात चिचिगाल्पाजवळची ला इस्ला नावाची वस्ती तर ‘विधवांचं बेट’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. मेलेले बहुतेक ऊसतोडे. कीटकनाशकांवर संशय आहे, तो पूर्ण फिटलेला नाही. पण सर्वांत भक्कम पुरावा जातो उन्हातल्या कष्टांकडे. पाणी तुटलेल्या शरीरात स्नायूंचा चुरा रक्तात उतरतो, यूरिक ॲसिड वाढतं आणि पाणी राखून ठेवणारी संप्रेरकं मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांना ताणत राहतात. रात्री थोडी डागडुजी होते, सकाळी पुन्हा फड. काही हंगामांत नलिकांच्या जागी वण उरतात.

यावर तिथे जो उपाय झाला तो औषधाचा नव्हता. एल साल्वादोरमध्ये २०१४-१५ च्या हंगामात एका कारखान्याच्या ऊसतोड्यांना पाठीवर अडकवायची पाण्याची पिशवी आणि नव्या बनावटीचा कोयता दिला, फडाबरोबर हलवता येणारा सावलीचा तंबू दिला आणि ठरलेल्या वेळी विश्रांती घ्यायला लावली. गट लहान होता, त्यामुळे आकड्यांवर फार भार टाकू नये. तरी माणशी दिवसाची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांपर्यंत गेली. निकाराग्वातल्या एका कारखान्याने विश्रांती वाढवली, तेव्हा एका हंगामात मूत्रपिंडाला इजा होणाऱ्या तोड्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. म्हणजे बसून राहिलेला वेळ वाया जात नव्हता. पण टनावर मजुरी घेणारा माणूस आपणहून बसत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून विश्रांती त्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही, ती वेळापत्रकातच घालावी लागते. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा खात्याचा सल्ला उन्हात दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी पिण्याचा आहे. पण आडोसा नसलेल्या फडात हा सल्ला बाईला देणं ही चेष्टा आहे. तिथे आधी संडास लागतो, मग पाणी.

आपल्याकडचे बहुतेक हंगामी महिने मध्य अमेरिकेइतके तापत नाहीत, हे मान्य. पण फेब्रुवारी संपता संपता ऊन चढतं, आणि नेमका तेव्हाच कारखान्याला उरलेला ऊस उरकायचा असतो.

जानेवारी २०२४ मध्ये कारखाने आणि ऊसतोड संघटनांची बोलणी होऊन दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती व्हायलाच हवी होती. पण दर वाढला तो टनाचा, आणि टनाचा दर माणसाला बसू देत नाही. पुढच्या करारात दोन कलमं मागून बघण्यासारखी आहेत. आजारपण आणि पाळी यांचा खाडा नाही, हे एक. दुसरं, फडावर पाणी, सावली आणि फिरतं शौचालय, आणि त्याचा खर्च थेट कारखान्याच्या खात्यातून. मुकादमाकडे दिला तर तो शेवटी उचलीतच चढेल.