दाताच्या डॉक्टरांचा केसपेपर आणि संगणक

लालबाग, परळ, नायगाव, दादर, गिरगाव, कुठेही जा, दाताचा छोटा दवाखाना साधारण एकाच घाटाचा असतो. रस्त्यालगतचा गाळा, बाहेर बसायला बाकडे, आत पडद्याआड एक खुर्ची आणि कोपऱ्यात लोखंडी कपाट. त्या कपाटाच्या खणांत जाड कागदाची कार्डे ओळीने लावलेली असतात. आजोबांची कवळी कधी बसवली, आईची कोणती दाढ काढली, धाकट्याच्या दातात सिमेंट कधी भरले, हे सगळे त्या कार्डांवर असते. सोबत टाचलेली एक्स-रेची इवलीशी फिल्म. अशा पुष्कळ दवाखान्यांत आता टेबलावर संगणक आला आहे. कपाटातील माहिती त्यात उतरविण्याचे काम कुठे चालू आहे, कुठे व्हायचे आहे. हा डॉक्टरांच्या घरचा मामला, आपण काय बोलायचे, असे आपल्याला वाटते. पण कार्डावरची माहिती आपली आहे. आणि ती उतरवून घेणारी मुलगी पुष्कळदा आपल्याच चाळीतली, एम.एस.-सी.आय.टी. करून नोकरीला लागलेली असते. तेव्हा हा विषय दोन्ही बाजूंनी आपल्या घरचा आहे.

कागद हरवला तर काय होते, हे गिरणी कामगारांच्या घरात वेगळे सांगायला नको. घरांच्या योजनेसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असल्याचा पुरावा मागितला गेला, तेव्हा तिकीट नंबर आणि ई.एस.आय.चे कार्ड शोधण्यासाठी लोकांनी माळ्यावरच्या ट्रंका उपसल्या. दाताच्या कार्डावर घर मिळत नाही, म्हणून त्याची किंमत वाटत नाही एवढेच.

प्रथम हे सांगितले पाहिजे की संगणक येतो आहे ते चांगलेच आहे. मुंबईच्या दमट हवेत कार्डांना बुरशी धरते, कसर लागते, शाई पसरते. एक्स-रेची फिल्म नीट धुतली गेली नसेल तर काही वर्षांत पिवळी पडते. आणि पाऊस! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस कोण विसरेल? हिंदमाता, परळ या सखल भागात तर एरवीच्या जोरदार पावसातही पाणी भरते. तळमजल्यावरच्या कपाटाचा खालचा खण अशा वेळी सर्वांत आधी भिजतो. अर्थात संगणकाचा डबा जमिनीवर ठेवला असेल तर तोही भिजतो. म्हणून माहितीची दुसरी प्रत दवाखान्याबाहेर, वेगळ्या जागी हवी. ती प्रत मधूनमधून उघडून पाहिली पाहिजे. नुसती प्रत काढली आणि कधी उघडलीच नाही, तर ऐन वेळी ती रिकामी निघण्याची भीती असते.

आता कामाचा पसारा पाहा. समजा दवाखाना वीस वर्षे चालला, रोज सरासरी दोन नवी कार्डे निघाली आणि वर्षाचे तीनशे दिवस काम झाले, तर कपाटात १२,००० कार्डे झाली. एक कार्ड वाचून टाइप करायला पाच मिनिटे धरली तर एक हजार तास. दुपारी दवाखाना बंद असताना रोज चार तास बसले तर अडीचशे दिवस! एवढे काम कोणी एका दमात करीत नाही, आणि करूही नये, कारण थकलेल्या माणसाकडून चुका होतात. शहाणा मार्ग असा की, एक तारीख ठरवावी. त्या दिवसापासून येणारा नवा रुग्ण थेट संगणकात घ्यावा. जुन्या रुग्णाचे कार्ड तो प्रत्यक्ष येईल त्या दिवशी काढून, त्याच्यासमोर विचारून उतरवावे. उतरवलेल्या कार्डावर खूण करावी, कार्डाचा जुना नंबर संगणकात लिहावा आणि कार्ड पुन्हा जागेवर ठेवावे. या रीतीने जे रुग्ण खरोखर येत-जात आहेत त्यांचे काम आधी होते.

पण इथेच एक मोठी चूक घडते. गर्दीच्या वेळी काउंटरवरून प्रश्न येतो, "मावशी, जुने कार्ड शोधायला वेळ लागेल, नवीनच काढू का?" मावशींना घरी स्वयंपाक करायचा असतो. त्या "काढ बाई" म्हणतात. झाले! त्या क्षणी मागच्या पंधरा वर्षांची माहिती कपाटातच राहिली. वाचक भगिनींनो, अशा वेळी दहा मिनिटे थांबा, पण जुने कार्ड काढायला लावा.

दुसरा घोळ नावांचा. संगणकाला माणूस ओळखू येत नाही, तो फक्त अक्षरे जुळवतो. आपल्या वस्त्यांत कांबळे, जाधव, गायकवाड, मोरे ही आडनावे किती आहेत ते तुम्ही जाणताच. एका चाळीत दोन-तीन सुनीता कांबळे सहज सापडतील. त्यात इंग्रजीत लिहिताना कोणी कांबळेमध्ये एक 'ए' जास्त घालतो, कोणी घालत नाही. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, कधी नावही बदलते. मग वाटते, जन्मतारीख घेतली की प्रश्न सुटला. पण आपल्याकडच्या जुन्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे! शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला ठाऊक नव्हती, गुरुजींनी १ जून लिहून टाकली. म्हणजे नाव एक, तारीख एक, आणि माणसे दोन. याला उपाय एकच, प्रत्येक रुग्णाला दवाखान्याचा स्वतंत्र नंबर. तो औषधांच्या फाईलवर लिहून ठेवा, घरातल्या सर्वांचे नंबर एका वहीत ठेवा. टाइप करणाऱ्या मुलींनी नावासोबत वडिलांचे किंवा पतीचे नाव, चाळ आणि खोली नंबर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हा प्रश्न काही दाताच्या दवाखान्यापुरता नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कॅन्सरची नोंदणी सुरू केली. एका शहरातील लोकसंख्येच्या हिशेबाने केलेली ही देशातील पहिली नोंदणी. तिचे कर्मचारी इस्पितळांत जाऊन केसपेपरवरून माहिती उतरवून आणीत. एकच रुग्ण दोन-तीन इस्पितळांत जाणार, मग तो एकच आहे की वेगवेगळे, हे नाव, वय, पत्ता ताडूनच ठरवावे लागे. तेथे चूक झाली तर आकडा चुकतो. दवाखान्यात चूक झाली तर एकीची ॲलर्जी दुसरीच्या नावावर जाते.

तिसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण तीच दाताशी सर्वांत जवळची. कागदी कार्डावर डॉक्टर अधिक चिन्हासारखी एक फुली काढतात. वरचा जबडा, खालचा जबडा, उजवी बाजू, डावी बाजू असे तिचे चार भाग. प्रत्येक भागात समोरच्या दातापासून अक्कलदाढेपर्यंत १ ते ८ आकडे. फुलीच्या कोणत्या कोपऱ्यात आकडा लिहिला, यावरून दात कळतो. ही फुली टंकयंत्रावर किंवा साध्या कीबोर्डवर उमटत नाही. म्हणून दोन आकड्यांची पद्धत आली. पहिला आकडा भागाचा, दुसरा दाताचा. वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. वरच्या उजव्या बाजूची सहावी म्हणजे १६, खालच्या डाव्या बाजूची सहावी म्हणजे ३६. मुलांच्या दुधाच्या दातांसाठी पहिला आकडा ५ ते ८. उजवे-डावे नेहमी रुग्णाचे, समोर उभ्या असलेल्या डॉक्टरांचे नव्हे.

गंमत अशी की अमेरिकेत दात १ पासून ३२ पर्यंत सरळ मोजतात. तिथे १६ नंबर म्हणजे वरची डावी अक्कलदाढ! तिकडचा प्रोग्रॅम आणला आणि ही सोय बदलायची राहिली, तर कार्डावरची उजवी दाढ पडद्यावर डावी अक्कलदाढ होऊन बसते. म्हणून उतरवून झाल्यावर डॉक्टरांनी तोंडात पाहून पडद्याशी ताळा घेतलाच पाहिजे. आपणही खुर्चीत बसल्यावर "डॉक्टरसाहेब, कोणती दाढ म्हणालात?" असे विचारून बोट लावून दाखवावे. यात संकोच कसला?

मात्र या सर्वांपेक्षा गंभीर बाब आहे ती लाल शाईची. जुने डॉक्टर कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहून ठेवीत. पेनिसिलीन चालत नाही. मधुमेह आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू. मागे दाढ काढली तेव्हा रक्त लवकर थांबले नाही. कार्ड हातात घेताच डोळा आधी तिथे जाई. संगणकात हीच ओळ इतर चाळीस ओळींत टाइप झाली तर ती कोणाला दिसणार? तिला पडद्यावर नाव उघडताच समोर येईल अशी जागा हवी, आणि कार्ड उतरवताना हीच ओळ सर्वांत आधी घ्यायला हवी. काम उरकण्याच्या घाईत नाव, पत्ता, फोन, बाकी येणे एवढे भरून मोकळे होणारे दवाखानेही असतात. पैशाचा हिशेब पहिल्या दिवशी संगणकात आणि ॲलर्जी मात्र कपाटात, याला सुधारणा म्हणवत नाही.

तसाच तोंडातल्या चट्ट्याचा विषय. मिश्री, तंबाखू, गुटखा यांनी आपल्या कष्टकरी वस्त्यांचे किती नुकसान केले ते प्रत्येक घर जाणते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई शहरात घरोघरी जाऊन ९९,५९८ लोकांची तंबाखूविषयी पाहणी झाली. सर्व माणसे ३५ वर्षे आणि त्यावरील. विशेष म्हणजे ही माहिती कागदावर न लिहिता हातात मावणाऱ्या छोट्या संगणकांवर घेतली गेली, तेही त्या काळात! निम्म्याहून अधिक स्त्रिया तंबाखू वापरीत होत्या असे दिसले, आणि तो जवळजवळ सगळा न ओढण्याचा; त्यात मिश्री मोठ्या प्रमाणावर. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, मिश्रीचा डबा मात्र अजून पुष्कळ घरांत आहे. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला तर डॉक्टर कार्डावर त्याचे चित्र काढतात, माप लिहितात. दोन वर्षांनी तो वाढला की तेवढाच आहे, हे त्या जुन्या चित्राशी ताडूनच कळते. टाइप करणाऱ्याला ते चित्र टाइप करता येत नाही, म्हणून ते गळते. अशा कार्डाचा फोटो काढून किंवा स्कॅन करून ते जसेच्या तसे जोडले पाहिजे. ज्या चट्ट्याची तुलना होत नाही, तो रुग्ण परळच्या टाटा इस्पितळात उशिरा पोहोचण्याचा धोका असतो.

पत्त्यांचेही एकदा पाहून घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून बी.डी.डी.च्या २०७ चाळी. पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जायचे. वरळीत पहिल्या ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आला. मधल्या काळात कोणी भाड्याने, कोणी गावाकडे, कोणी कल्याण-डोंबिवलीला गेले. चाळ नंबर आणि खोली नंबर लिहिलेले कार्ड आता माणसापर्यंत पोहोचवू शकत नाही. पुढच्या खेपेला गेलात की नवा पत्ता आणि स्वतःचा फोन नंबर सांगा, दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचा नको. आजाराची माहिती त्या फोनवर जाणार आहे. फॉर्मवर जातीचा किंवा धर्माचा रकाना असेल तर तो कशासाठी, असे सरळ विचारा. दाढेला त्याची गरज नाही.

आपली माहिती मागण्याचा हक्क आपल्याला आहे. रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केसपेपरच्या प्रती मागितल्या तर गोपनीयतेचे कारण सांगून त्या नाकारता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे. प्रतीचा खर्च तेवढा घेता येतो. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४ च्या सुधारित आचारसंहितेतही नोंदी निदान तीन वर्षे जपाव्यात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात असे आहे. संगणकातल्या वैयक्तिक माहितीसाठी २०२३ साली वेगळा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. रूट कॅनाल किंवा कवळीसारखे मोठे काम झाले की छापील प्रत आणि एक्स-रे मागून घ्या. डॉक्टर निवृत्त झाले, दवाखाना विकला गेला किंवा प्रोग्रॅमवाली कंपनीच बंद पडली, तरी ती प्रत तुमच्याजवळ राहते. डॉक्टर मंडळींनीही प्रोग्रॅम घेण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे की, उद्या तुमची कंपनी सोडली तर सगळी माहिती साध्या तक्त्यात बाहेर काढून मिळेल काय?

राहता राहिली रिकाम्या होणाऱ्या कपाटातली कार्डे. ती लगेच फेकू नयेत. ज्यांची मुदत संपली आणि माहिती उतरवून ताळा घेऊन झाला, तीच काढावीत. आणि काढली तरी किलोच्या भावाने रद्दीवाल्याला देऊ नयेत. रद्दीचा कागद पुढे भेळवाल्याकडे पुडी बांधायला जातो. कुणा आजीचे नाव, पत्ता आणि मधुमेह त्या पुडीवर वाचायला मिळू नये, म्हणून कार्डे बारीक फाडून, पाण्यात भिजवून लगदा करूनच टाकावीत.