शोधनिबंधाचे मोल कसे मोजावे?

आपल्यापैकी कुणाचा मुलगा किंवा मुलगी वैद्यकीय संशोधनाकडे वळली म्हणजे आपण सहज विचारतो, ‘किती निबंध छापून आले?’ प्रश्न रास्त आहे. परंतु केवळ संख्येवर जाणे म्हणजे उत्तरपत्रिकेची पाने मोजून गुण देण्यासारखेच होय. म्हणून त्या निबंधांचा इतर संशोधकांनी किती वेळा हवाला दिला, हेही पाहतात.

प्रत्येक शोधनिबंधाच्या अखेरीस ज्यांचा आधार घेतला त्या जुन्या निबंधांची यादी असते. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी या याद्या उलट्या फिरविल्या. जुना निबंध घ्यावा आणि पुढे कोणकोणी त्याचा आधार घेतला ते पाहावे, अशी त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची १९६४ साली निघाली. २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-निर्देशांक’ सुचविला. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा हवाले मिळाले, पण अकरांना अकरा-अकरा मिळाले नाहीत, त्याचा निर्देशांक १०.

हिशेब सोपा आहे, आणि तेथेच तो फसवितो. हवाला खोडून काढण्यासाठीही देतात. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडू पाहणारा वेकफील्ड यांचा १२ मुलांवरील निबंध १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला व २०१० मध्ये मागे घेण्यात आला. त्याला शेकडो हवाले आहेत, आणि त्यांतील बहुतेक विरोधाचे!

याच्या उलट कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांची गोष्ट. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यातच पटकीचा जंतू वेगळा काढला; पण तो माणसाला मारतो कसा, याचा उलगडा पाऊणशे वर्षे झाला नव्हता. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून त्यात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला! हे काम १९५३ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी जंतू पार गाळून टाकलेला द्रव आतड्यात घातला. जंतू एकही नाही, तरी आतडे फुगलेच. म्हणजे जंतू एक विष सोडतो, त्या विषाने शरीरातले पाणी व क्षार आतड्यात ओतले जातात, आणि रोगी दगावतो तो या शोषामुळे. १९५९ साली ‘नेचर’मध्ये छापलेला हा निबंध अवघ्या दोन पानांत मावणारा होता.

आरंभी त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. १९६९ साली अमेरिकेत हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले आणि या विषयावरील संशोधनाला पूर आला, तेव्हा मुळाचा शोध घेणाऱ्यांना डे यांच्यापाशी यावे लागले. तोवर त्यांच्या निवृत्तीची वेळ जवळ आली होती. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. नोबेल पारितोषिक मिळविलेले जोशुआ लेडरबर्ग यांनी त्याच पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले होते. १९७८ साली पटकीवरील नोबेल परिसंवादाला त्यांना निमंत्रण आले. आपल्याकडील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सदस्य करून घेतले नाही, हे लिहिताना संकोच वाटतो.

हवाल्यांची सूची काढणाऱ्या त्याच गारफील्ड यांनी १९८६ साली पटकीच्या संशोधनाचा नकाशा मांडून त्यात डे यांचे स्थान दाखवून दिले. डे १९८५ सालीच वारले होते.