मीठ-साखरेची जोडी आणि पेशीचे दार

आषाढी वारीत माळशिरस तालुक्यातून दोन मोठ्या पालख्या जातात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूरला मुक्काम करते. तुकाराम महाराजांची अकलूजला. पावसाळ्याच्या तोंडावर बदललेले पाणी आणि उघड्यावरचे अन्न यांमुळे जुलाब होतात. अशा वेळी जीव वाचवते ती ओआरएसची पुडी.

नुसते पाणी प्यायल्याने का भागत नाही? आतड्याच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ दुपदरी आवरण असते. ऑक्सिजन त्यातून सहज जातो. मीठ आणि ग्लुकोज जात नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनांची दारे असतात. त्यातले एक दार सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण बरोबर आले तरच त्यांना आत घेते. त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात ओढले जाते. पटकीत आतड्यातून पाणी धो-धो बाहेर पडत असतानाही हे दार चालू राहते. म्हणूनच ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, पण गेलेले पाणी भरून निघते.

१९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी मांडली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासितांत पटकी पसरली, सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

सगळे महत्त्व मापाला आहे. चवीसाठी जादा साखर घातली, तर तीच उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर लहान मुलांना धोका. म्हणून अर्धी पुडी पेल्यात टाकू नये. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात ती पूर्ण विरघळवावी आणि २४ तासांत संपवावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट-घोट द्यावे. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये.

रुग्णाला गुंगी येत असेल, पाणी पिता येत नसेल, लघवी होत नसेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठावा. वाटेतही ओआरएस पाजत राहावे, मात्र रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तरच.