काटक, पण तहानलेली

पावसाळ्यात ताम्हिणीकडे निघालं की मुळशीचे डोंगर बघून हमखास वाटतं, इथं कॉफी का नाही? तांबडी माती, झाडांची सावली, पाऊस तर विचारूच नका. गेळा, कदंब ही कॉफीच्याच कुळातली झाडं सह्याद्रीच्या रानात पूर्वीपासून आहेत. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदऱ्याचं नाव निघतं, पण ते 1,100 मीटर उंचीवरचं थंड गाव. मुळशी त्याहून बरीच खाली, म्हणजे इथं विचार करायचा तर कमी उंचीवरच्या उबेत वाढणाऱ्या रोबस्टा जातीच्या कॉफीचा.

रोबस्टा काटक, यात वाद नाही. 1869 साली सिलोनच्या मळ्यांत पानांवरचा तांबेरा दिसला, पुढं अरेबिका या दुसऱ्या जातीचे मळेच्या मळे बसले आणि मळेवाले चहाकडे वळले. रोबस्टा या रोगाला सहसा दाद देत नाही. अरेबिकाला पोखरणारा खोडकिडाही तिच्या फारसा वाटेला जात नाही. बियांत कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, दोन टक्क्यांच्या वर. किड्यांना ते विष, आपल्याला तरतरी. चव कडवट, म्हणून नाकं मुरडतात, पण भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे 70 टक्के हीच. (आणि नाजूक अरेबिका ही तिचीच लेक, दुसऱ्या एका रानटी कॉफीशी झालेल्या संकरातून जन्मलेली!)

पण काटक म्हणजे कोरडवाहू नव्हे. रोबस्टाची मुळं उथळ. तिच्या कळ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी झोपून राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये इंच-दीड इंच पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत झुडूप पांढरंशुभ्र होतं, जाईसारखा वास सुटतो. दोन-तीन आठवड्यांनी आणखी एक सर हवी, नाहीतर फळं नीट धरत नाहीत. कोडगू-वायनाडचे मळेवाले ही सर आली नाही तर तुषार सिंचनाने पाडतात. मुळशीत आभाळ चार महिने फाटतं आणि मग वळवापर्यंत गप्प. समोर धरण आहे खरं, पण त्याचं पाणी डोंगर उतरून भिऱ्याला वीज करायला जातं.

तरीही परसात, विहिरीजवळ, फणसाच्या सावलीत हौस करायला हरकत नाही. फक्त एकच रोप लावू नका. रोबस्टा स्वतःच्या परागांवर फळत नाही. शेजारी वेगळ्या बीची दुसरी हवीच.