एकाच झाडाची दोन तऱ्हेची पानं

भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिथल्या एखाद्या डेरेदार झाडाखाली गळलेली पानं निरखून पाहा. शेंड्यावरचं पान बहुधा लहान आणि हाताला जाडसर लागतं; आतल्या सावलीतलं रुंद, पातळ असतं. झाड एकच, पण प्रत्येक पान आपल्या वाट्याच्या उन्हाप्रमाणे घडतं.

उन्हातल्या पानात वरच्या त्वचेखाली खांबासारख्या उभ्या पेशी उंच असतात, अनेकदा त्यांचे दोन-तीन थरही असतात. सावलीतल्या पानात एखादाच बुटका थर असतो, मात्र वजनाच्या मानाने हरितद्रव्य जास्त. मिळेल तो कवडसा टिपायचा, हे त्याचं काम.

त्याहून विलक्षण गोष्ट पेशीच्या आत घडते. मंद प्रकाशात हरितलवकं उजेडासमोर पसरतात. ऊन तापलं की बाजूच्या भिंतींना चिकटून एकमेकांच्या सावलीत जातात. ही हालचाल काही मिनिटांत सुरू होते.

पूर्ण वाढलेल्या पानाची जाडी मात्र फारशी बदलत नाही. म्हणूनच गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत आत वाढलेली कुंडी एकदम गच्चीवर नेली, की पानं करपतात. दुपारचं ऊन सुमारे एक लाख लक्स, तर खोलीत जेमतेम काही शे. आपल्या डोळ्यांना हा फरक नीट कळत नाही. तेव्हा कुंडी आधी सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा, मग हळूहळू वेळ वाढवा. नवी पालवी त्या उन्हाला साजेशीच येईल.