जुनी चक्री करवत घेताना : हरवलेल्या भागांचा हिशेब

बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळी किंवा आष्टी, कोणत्याही बाजारपेठेत हार्डवेअरचे किंवा प्लायवूडचे दुकान असले की त्याच्या मागे बहुधा पत्र्याची एक शेड असते. तेथे दोन-चार कारागीर दरवाज्यांच्या चौकटी, कपाटे आणि पलंग तयार करतात. शेडच्या मध्यभागी चक्री करवत असते. कारागीर तिला ‘टेबल सॉ’ म्हणतात, कोणी नुसतेच ‘कटर मशीन’ म्हणतात. लोखंडी टेबल, त्याच्या फटीतून वर डोकावणारे गोल दातेरी पाते आणि खाली पट्ट्यावर फिरणारी मोटर, एवढाच तिचा पसारा.

नवे यंत्र घेण्यापेक्षा जुने घेण्याकडे व्यापारी कुटुंबाचा कल असणे स्वाभाविक आहे. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात एखादा कारखाना बंद होतो आणि त्याची यंत्रे विकायला निघतात. जुन्या काळचे बिडाचे जाड टेबल आजच्या पातळ पत्र्याच्या टेबलापेक्षा कितीतरी स्थिर असते. टिकाऊ वस्तू भंगारात जाऊ न देता पुन्हा कामाला लावणे ही व्यवहारदृष्ट्याही चांगली गोष्ट आहे. सौदा ठरतो, यंत्र टेम्पोतून उतरते आणि मग लक्षात येते की त्याचे काही भाग जागेवर नाहीत.

हे हरवलेले भाग कोणते, याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. टेबल असते, शाफ्ट असतो, पुली असते, बहुतेक वेळा मोटरही असते. नसते ते पात्यावरचे झाकण, पात्यामागची उभी पोलादी पट्टी, माल सरळ धरणारा फेन्स, लाकूड ढकलायची काठी आणि मूळचा स्टार्टर. हा योगायोग नव्हे. मोटर नसेल तर यंत्र चालतच नाही, म्हणून ती कोणी हरवत नाही. झाकण नसले तरी यंत्र चालते. एखाद्या अडचणीच्या कापासाठी ते एकदा काढले जाते, कोपऱ्यात ठेवले जाते आणि पुढे भंगारासोबत निघून जाते. जुन्या करवतीतून नाहीशा झालेल्या भागांची यादी केली तर ती जवळजवळ नेहमी कारागिराच्या संरक्षणाची यादी ठरते.

म्हणूनच ‘यंत्र चालू झाले’ आणि ‘यंत्र दुरुस्त झाले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाते लाकूड मागे का फेकते

गोल करवतीचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांना १७७७ मध्ये मिळालेल्या पेटंटमध्ये तिचा उल्लेख आढळतो. तेव्हापासून आजपर्यंत पोलाद बदलले, दातांवर कार्बाइड आले, वाफेच्या जागी वीज आली. परंतु मूळ रचना तीच राहिली आणि तिच्यातील धोकाही तोच राहिला.

कारागिराकडील बाजूचे दात खाली जात असतात. ते लाकूड टेबलावर दाबून धरतात. पात्याच्या मागच्या बाजूचे दात मात्र वर येत असतात. ओले किंवा आतून ताण असलेले लाकूड चिरले की चिरलेली फट पात्यामागे मिटू लागते. बाभूळ, कडुनिंब यांसारखे स्थानिक लाकूड पुरेसे न वाळवता वापरले तर हा अनुभव हमखास येतो. फट मिटली की लाकूड पात्याला घट्ट चिकटते, मागचे दात त्याला वर उचलतात आणि पात्याच्या वेगाने कारागिराच्या दिशेने फेकतात. बारा इंची पाते मिनिटाला ३,८४० फेऱ्या घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ६१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २२० किलोमीटर होतो. फेकल्या गेलेल्या लाकडाचा मार बसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे लाकूड अचानक निसटल्यामुळे ते ढकलणारा हात पात्यावर जातो.

पात्यामागची उभी पट्टी नेमकी याच ठिकाणी उपयोगी पडते. ती चिरलेल्या फटीत शिरून फट मिटू देत नाही. इंग्रजीत तिला ‘रायव्हिंग नाइफ’ म्हणतात. नाव मोठे असले तरी वस्तू म्हणजे पोलादाचा एक वळणदार तुकडाच आहे.

दुरुस्तीचा क्रम

जुने यंत्र आणल्यावर प्रथम गंज आणि रंग यांच्याकडे हात जातो. खरा आरंभ शाफ्टपासून करावा. वीज न जोडता शाफ्ट हाताने फिरवावा. तो खरखरत असेल किंवा वर-खाली हलत असेल तर बेअरिंग बदलावे. पाते जेथे बसते तेथे शाफ्ट झिजलेला असेल तर टर्नरकडून तो नवा करून घ्यावा. झिजलेल्या जागी कागद किंवा पत्र्याची चकती भरून पाते बसवू नये. पात्याच्या दोन्ही बाजूंच्या आवळचकत्या सारख्या मापाच्या असाव्यात आणि त्यांचा व्यास पात्याच्या व्यासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा असावा.

मग टेबल पाहावे. सरळ पोलादी पट्टी दोन्ही कर्णांवर ठेवून खालून उजेड दिसतो का ते तपासावे. गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने निघतो, आणि त्यावर मेण चोळले की लाकूड सहज सरकते. यानंतर पात्याच्या एका दातावर खडूने खूण करावी. तो दात पुढे आणून टेबलावरील खाचेपासूनचे अंतर मोजावे, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आली म्हणजे पाते खाचेला समांतर आहे. फेन्सही याच खाचेला समांतर बसवावा. त्याचे मागचे टोक पात्याकडे झुकलेले असेल तर लाकूड तेथे अडकते आणि मागे फेकले जाते.

मोटर बदलताना एक साधी गफलत महागात पडते. समजा, मूळ मोटर १,४४० फेऱ्यांची होती, तिच्यावर ८ इंची पुली होती आणि शाफ्टवर ३ इंची. पात्याचा वेग ३,८४० फेऱ्या. मूळ मोटर जळाली म्हणून तिच्या जागी २,८८० फेऱ्यांची मोटर त्याच पुलीसह बसवली तर पाते ७,६८० फेऱ्या घेऊ लागते. बारा इंची कार्बाइड पात्यांवर साधारणतः पाच-सहा हजार फेऱ्यांची कमाल मर्यादा छापलेली असते. ती ओलांडल्यावर दात सुटून गोळीसारखा उडू शकतो. मोटरीवरील आणि पात्यावरील आकडे वाचून पुलीचा हिशेब कागदावर मांडायला पाच मिनिटे पुरतात.

पहिली चाचणी पाते न बसवता घ्यावी. तीन फेजच्या मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर शाफ्ट उलटा फिरतो. अशा वेळी पात्याचा नट सैल होण्याचीही भीती असते. दिशा खात्रीने बरोबर ठरल्यावरच पाते चढवावे आणि पहिल्या वेळी यंत्रासमोर न थांबता बाजूला उभे राहून ते चालू करावे.

हरवलेले भाग गावातच घडतात

जुन्या यंत्राचा मूळ सुटा भाग मिळत नाही, ही सबब खरी आहे. पण ती पुरेशी नाही. ज्या भागांविना हात जातो ते भाग लेथच्या आणि वेल्डिंगच्या कोणत्याही साध्या वर्कशॉपमध्ये तयार होतात.

मागच्या पट्टीची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांनी पाडलेल्या फटीपेक्षा कमी हवी. पात्याचा पत्रा २.२ मिलिमीटर आणि दातांची रुंदी ३.२ मिलिमीटर असेल तर अडीच ते पावणेतीन मिलिमीटरचा पोलादी पत्रा योग्य ठरतो. तिची पात्याकडची कड पात्याच्या गोलाईनुसार कापावी आणि ती पात्याच्या अगदी रेषेत घट्ट बसवावी. पाते वर-खाली केले की पट्टीही जुळवता आली पाहिजे. झाकणासाठी मजबूत पत्रा किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेट चालते. पात्याभोवतीची रुंद झालेली फट प्लायवूडच्या नेमक्या मापाच्या तुकड्याने बुजवावी, म्हणजे बारीक काप आत ओढले जाणार नाहीत. लाकूड ढकलायची काठी तर उरलेल्या तुकड्यातूनच निघते. ती दोरीने यंत्रालाच बांधून ठेवावी.

ही केवळ चांगली सवय नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्रांच्या धोकादायक भागांना आडोसा बंधनकारक केला. त्याखालील महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र परिशिष्ट होते. टेबलाच्या पातळीवर मागची पट्टी आणि पात्याचे दात यांतील अंतर १० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे, ६० सेंटिमीटरपेक्षा लहान पात्यासाठी पट्टी पात्याच्या माथ्यापासून २५ मिलिमीटरच्या आत पोहोचावी, वर जुळवता येणारे झाकण असावे, टेबलाखालचे पातेही दोन्ही बाजूंनी झाकलेले असावे, अशी त्यातील अपेक्षा होती. दोन-चार माणसांच्या शेडपर्यंत हा कायदा बहुधा पोहोचत नसे. पात्याला मात्र माणसांची संख्या कळत नाही.

गोल ओंडके चिरणाऱ्या गिरणीला वनविभागाचा परवाना लागतो. फर्निचरच्या शेडमधील करवतीबाबतही, यंत्र आणण्यापूर्वीच, आपल्या कामास तो लागू होतो का हे वनविभागाच्या कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

गेलेली वीज परत येते तेव्हा

मराठवाड्यात आणखी एका भागाचे मोल फार आहे, तो म्हणजे स्टार्टर. जुन्या यंत्रावर तो नसला की बरेचदा साधा खटका बसवून काम भागवले जाते. काम चालू असताना वीज जाते. कारागीर अर्धवट चिरलेले लाकूड पात्यातून काढू लागतो किंवा हाताने भुसा साफ करू लागतो, आणि खटका चालूच राहिलेला असतो. वीज अचानक परतते आणि पाते फिरू लागते. योग्य स्टार्टरमध्ये वीज जाताच जोडणी आपोआप तुटते आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. भारनियमनाची सवय असलेल्या भागात हा खर्च टाळणे म्हणजे धोका विकत घेणे होय. लाल बटण मांडीने किंवा गुडघ्यानेही दाबता येईल अशा उंचीवर असावे, आणि अर्थिंग तपासलेले असावे.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये अशी यंत्रणा शोधली की त्वचेचा स्पर्श होताच पाते काही सहस्रांश सेकंदांत थांबते. त्या देशाच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार तेथे वर्षाला सुमारे तीस हजार लोक टेबल करवतीच्या पात्याने जखमी होत असत. ती यंत्रणा नव्या यंत्रातच बसलेली येते, जुन्या यंत्राला जोडता येत नाही. जुन्या करवतीचा आधार पट्टी, झाकण, काठी आणि स्टार्टर हाच आहे.

हाताची किंमत

बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर जातात. ज्यांनी हातात कौशल्य मिळवले, ती माणसे गावात राहून सुतारकाम, वेल्डिंग किंवा गवंडीकाम करू शकतात. कोयत्यापासून सुटका करणारा हा हातच त्या घराचे एकमेव भांडवल असतो.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवांचा तक्ताच दिलेला होता. अंगठा पूर्ण गेला तर कमावण्याच्या क्षमतेची हानी ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के धरली जात असे. कायद्याला कोठेतरी आकडा ठरवावाच लागतो. परंतु उजव्या हाताचा अंगठा गेलेल्या सुताराला पटाशी धरता येत नाही की रंधा रेटता येत नाही. त्याच्यासाठी तो आकडा तीस राहत नाही.

जैन घरांत पाणी गाळताना, चूल किंवा गॅस पेटवताना ‘जयणा’ हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. आपल्या हालचालीने कोणाला इजा होऊ नये, ही त्यामागची काळजी. दुकानामागच्या शेडमधील यंत्र त्या काळजीच्या कक्षेबाहेर राहावे असे काही कारण नाही.

व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर जुन्या करवतीची खरी किंमत म्हणजे सौद्याची रक्कम अधिक पट्टी, झाकण, फेन्स, स्टार्टर आणि टर्नरची मजुरी. हे आकडे सौदा करतानाच मांडले तर घासाघीस करायलाही आधार मिळतो आणि यंत्र खरोखर स्वस्त आहे की नाही तेही कळते. विकणाऱ्यानेही बिलावर ‘झाकण व मागच्या पट्टीसह’ किंवा ‘झाकण व मागच्या पट्टीविना’ असे स्पष्ट लिहावे. शेडमध्ये यंत्र बसल्यावर मालकाने ते भाग जागेवर आहेत का हे आठवड्यातून एकदा स्वतः पाहावे. झाकण काढलेले दिसले तर कारागिराला रागावण्याआधी ते का काढावे लागले हे विचारावे. बहुधा ते नीट जुळत नसते किंवा काप दिसत नसतो, आणि टर्नरकडे आणखी एक फेरी मारली की अडचण सुटते.